तळटीप : ‘१७/५०’

१७/५० : छायाचित्राच्या छापील प्रतीवर, समासात पेन्सिलीने लिहिलेला हा आकडा म्हणजे गुण नव्हेत. वरचा प्रतीचा क्रमांक, खालचा एकूण प्रतींचा. शेजारी छायाचित्रकाराची सही. सतरावी प्रत पहिलीपेक्षा हलकी नसते. ‘क्वीन’ या बँडच्या ‘क्वीन टू’ (१९७४) या अल्बमच्या वेष्टनावरचे छायाचित्रकार मिक रॉकचे चित्र घरोघर पोचले, त्याच्या सहीच्या प्रती मात्र मोजक्याच. पन्नास प्रती संपल्या तरी तेच चित्र वेगळ्या आकारात, नव्या आवृत्तीत निघू शकते, म्हणून जुने संग्राहक आधी आकार विचारतात. प्रत घेतली की ती जपण्याचा प्रश्न. नांदेड-लातूरकडे कागदाला ओलीपेक्षा उन्हाची धास्ती अधिक. पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्र टांगू नये. लेखकाने लातूरच्या घरी नेमके तिथेच टांगले आहे.