महापालिका देयके : पारदर्शकता

महापालिकेने बाहेरच्या ठेकेदाराला, पुरवठादाराला किंवा सल्लागाराला कोणत्या कामासाठी, कोणत्या दराने, किती आणि कोणत्या तारखेला पैसे दिले, हे नागरिकाला अर्जविनंती न करता पाहता येणे म्हणजे देयकांतील पारदर्शकता. निविदेतील पारदर्शकतेपेक्षा हा विषय वेगळा आहे. निविदा म्हणजे खर्चाचा इरादा, तर देयक म्हणजे तिजोरीतून प्रत्यक्ष गेलेला पैसा. भारतीय शहरांत पहिली बाजू गेल्या दोन दशकांत बरीच उजेडात आली, दुसरी अजून बव्हंशी फायलीत आहे.

व्याप्ती : रस्ते, गटारे, नालेसफाई, कचरा वाहतूक, औषधखरेदी, संगणकप्रणाली, सुरक्षारक्षक, उद्यानांची देखभाल, सल्लागारांचे शुल्क अशी बहुतेक नागरी कामे आज बाहेरच्या संस्थांकडून होतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. त्यातील भांडवली खर्च जवळजवळ पूर्णपणे ठेकेदारांमार्फत होतो. कर्मचाऱ्यांचे वेतन व निवृत्तिवेतन या नोंदीत धरलेले नाही.

देयकाचा प्रवास : बांधकामाच्या देयकामागे कागदांची एक ठरलेली साखळी असते. आधी अंदाजपत्रकातील लेखाशीर्षाखाली तरतूद, मग प्राकलन, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदा, करारनामा आणि कार्यादेश. काम सुरू झाले की सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज तयार होऊ लागतो. तो म्हणजे मोजमाप पुस्तिका, अभियंत्यांच्या बोलीत ‘एमबी’. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी व जाडी मोजतो आणि नोंद करतो. वरिष्ठ अभियंता त्यातील ठरावीक भाग स्वतः पडताळतो. पुस्तिकेची पाने क्रमांकित असतात. खाडाखोड चालत नाही, चुकीचा आकडा एका रेघेने छेदून शेजारी सही करावी लागते. या मोजमापांना निविदेतील दराने गुणून चालू देयक तयार होते आणि काम संपल्यावर अंतिम देयक. सोबत साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल व त्रयस्थ तपासणीचा दाखला जोडला जातो. त्यानंतर फाइल लेखा विभागाकडे जाते.

लेखा विभाग देयकातून कपाती करतो. ठेकेदार व्यक्ती असल्यास १ टक्का आणि कंपनी असल्यास सर्वसाधारणपणे २ टक्के आयकर कापला जातो. कराराचे मूल्य अडीच लाखांहून अधिक असल्यास १ ऑक्टोबर २०१८ पासून २ टक्के वस्तू व सेवा कर कापून घेतला जातो. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का असतो. शिवाय सुरक्षा अनामत, विलंबाचा दंड आणि पूर्वी दिलेल्या उचलीची वसुली. त्यामुळे ठेकेदाराच्या खात्यात जमा झालेली रक्कम आणि कामाचा खर्च हे दोन वेगळे आकडे असतात. केवळ निव्वळ रक्कम प्रसिद्ध केली तर खर्च कमी दिसतो. केवळ ढोबळ रक्कम दिली तर दंड आकारला की माफ केला, हे कळत नाही. म्हणून उपयोगी यादीत ढोबळ रक्कम, प्रत्येक कपात व निव्वळ रक्कम असे स्वतंत्र रकाने असावे लागतात.

कायदेशीर आधार : मुंबईसाठी १८८८ चा आणि राज्यातील इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम लागू आहे. दोहोंत करार करण्याचे अधिकार, स्थायी समितीची मान्यता आणि हिशेबतपासणी यांच्या तरतुदी आहेत. मुंबईच्या अधिनियमातील कलम १३५ नुसार महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आठवड्याच्या आठवड्याला हिशेब तपासतो व स्थायी समितीला अहवाल देतो. तातडीच्या कामांसाठी आयुक्तांना विशेष अधिकार आहेत. १९४९ च्या अधिनियमातील कलम ६७(३) चा त्यासाठीचा वापर पुण्यासह अनेक शहरांत वादाचा विषय ठरला आहे.

माहितीच्या अधिकाराचा राज्य कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यात मोठा वाटा होता. केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. त्याच्या कलम २ नुसार करार हीही ‘माहिती’ आहे. कामाची, दस्तऐवजांची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हाही अधिकाराचा भाग आहे. रस्त्यातील डांबराचा नमुना मागण्याचा अधिकार याच तरतुदीतून येतो. कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबी आहेत, त्यांत अंदाजपत्रक आणि वाटप झालेल्या रकमांचे अहवाल येतात. कलम ८(१)(घ) व्यापारी गोपनीयतेला संरक्षण देते. परंतु सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती द्यावी लागते. निविदा उघडल्यानंतर दर गोपनीय कसे राहतात, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणे अधिकाऱ्यांना अवघड जाते. व्यक्तिगत माहितीविषयीचे कलम ८(१)(ञ) २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने बदलले. एकट्या मालकाच्या नावे चालणाऱ्या ठेकेदारीवर या बदलाचा काय परिणाम होईल, याबाबत मतभिन्नता आहे.

केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पुरवठादाराचे नाव, दर व कंत्राटाची एकूण रक्कम प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे. मात्र ती रक्कम कंत्राट देतानाची आहे. काम वाढले, जादा बाबी घुसल्या, मुदतवाढ मिळाली आणि अंतिम देयक मूळ रकमेच्या पुढे गेले, तर ते या चौकटीत दिसत नाही. भारतीय प्रकटनाच्या नियमांतील ही सर्वांत मोठी फट होय.

हिशेबपद्धतीतील सुधारणा : महालेखापरीक्षकांच्या कृतिदलाच्या शिफारशींवर आधारलेली राष्ट्रीय महापालिका लेखा नियमपुस्तिका २००४ मध्ये आली. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने निधीसाठी दुहेरी नोंद पद्धत व सार्वजनिक प्रकटनाचा कायदा या अटी घातल्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासूनच्या अनुदानासाठी लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकणे सक्तीचे केले. या सर्वांतून एकत्रित आकडे मिळतात. ठेकेदारनिहाय देयके मिळत नाहीत.

ई-निविदा : महाराष्ट्रात ई-निविदेची मर्यादा आधी ३ लाख रुपये होती, पुढे ती १० लाख झाली. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडण्याची तक्रार जुनी आहे. प्रभागनिहाय देयकांची यादी तारखेनुसार लावली, तरच असे तुकडे ओळखू येतात.

मुंबई : या शहराविषयी सर्वाधिक लेखी सामग्री उपलब्ध आहे. राज्य शासनाच्या विनंतीवरून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केलेल्या विशेष लेखापरीक्षणाचा अहवाल २५ मार्च २०२३ रोजी विधानसभेत मांडला गेला. २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातील सुमारे १२,०२४ कोटी रुपयांची ७६ कामे त्यात तपासली गेली. अहवालाचे तीन निष्कर्ष या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. दोन विभागांनी २१४.४८ कोटींची २० कामे निविदा न काढता दिली. ४,७५५.९४ कोटींच्या ६४ कामांत ठेकेदाराशी करारनामाच झालेला नव्हता. ३,३५५.५७ कोटींच्या १३ कामांत त्रयस्थ लेखापरीक्षक नेमलेला नव्हता.

यांतील दुसरा निष्कर्ष विशेष गंभीर मानावा लागतो. करारनामा नसेल तर विलंबाचा दंड, दोषदायित्वाचा कालावधी, दरवाढीचे सूत्र यांना कायदेशीर टेकू उरत नाही. देयक मंजूर करणारा अधिकारी कोणत्या अटींवर ते तपासतो, हेही सांगता येत नाही. देयकांच्या सार्वजनिक यादीत करारनाम्याचा क्रमांक हा एक रकाना जरी असता, तरी ६४ रिकाम्या जागा कोणत्याही वाचकाला दिसल्या असत्या. त्यासाठी विशेष लेखापरीक्षणाची वाट पाहावी लागली नसती. करोनाकाळातील सुमारे ३,५३८ कोटींच्या खर्चाची कागदपत्रे साथरोग कायद्याचा हवाला देऊन महापालिकेने तपासणीस दिली नाहीत. तपासणीसाठी निवडलेल्या कालखंडाबद्दल राजकीय पक्षांत मतभेद झाले.

रस्तेकामांतील अनियमिततेची चौकशी २०१५-१६ मध्ये झाली. पहिल्या टप्प्यात ३४ रस्ते तपासले गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये सहा ठेकेदारांविरुद्ध पोलिसांत तक्रार दाखल झाली. पुढे त्रयस्थ तपासणी करणाऱ्या संस्थांच्या लोकांनाही अटक झाली. तपासणाऱ्याचे शुल्क कोणी, केव्हा व कोणत्या अहवालापोटी दिले, हेही देयकांच्या यादीत असणे का आवश्यक आहे, हे या प्रकरणाने दाखवले.

नालेसफाईत देयक गाळाच्या वजनावर ठरते आणि गाळ एकदा टाकून दिला की पुन्हा मोजता येत नाही. म्हणून वजनकाट्याच्या पावत्या आणि वाहनांच्या फेऱ्यांची नोंद हाच पुरावा. २०१५ च्या चौकशीत या नोंदींतील तफावती पुढे आल्या. त्यानंतर वाहनांचा माग ठेवणारी यंत्रणा आणि चित्रीकरण आले. २०२५ मध्ये या चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी मे महिन्यात मिठी नदीतील गाळ उपसण्याच्या सुमारे ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराबद्दल आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. यंत्रणा बसवणे आणि तिच्या नोंदी लोकांसमोर ठेवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत लोकनियुक्त सभागृह नव्हते. स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे होते. समितीपुढे येणारे प्रस्ताव पूर्वी नगरसेवकांमार्फत वृत्तपत्रांपर्यंत पोहोचत. या काळात ती वाट बंद झाली.

पुणे : महापालिकेने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत सुरू केली. विवेक वेलणकर यांच्या सजग नागरिक मंचासारख्या गटांनी तिचा सातत्याने उपयोग केला. २०१८ मध्ये राज्य शासनाने हीच पद्धत जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक संस्थांना लागू केली. या सोयीमुळे मोजमाप पुस्तिका नागरिकाच्या हातात येऊ शकते. कोणती फाइल मागायची हे आधी ठाऊक असावे लागते, ही तिची मर्यादा.

दिल्ली : नागरी देयकांच्या सामाजिक तपासणीचे भारतातील महत्त्वाचे उदाहरण. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेऊन हजेरीपट व देयके गावासमोर वाचली होती. तीच पद्धत ‘परिवर्तन’ या संस्थेने शहरात आणली. दिल्लीच्या २००१ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तिने सुंदर नगरीतील महापालिकेच्या ६८ कामांची कागदपत्रे मिळवली. रहिवाशांनी कागदावरील मापे गल्लीत जाऊन ताडून पाहिली आणि डिसेंबर २००२ मध्ये जाहीर सुनावणी झाली. सुमारे १ कोटी ३० लाखांच्या कामांपैकी ७० लाखांच्या बाबी जागेवर सापडत नसल्याचे तीत मांडले गेले. हे काम लेखापालांनी नव्हे, तेथे राहणाऱ्यांनी केले. आपल्या गल्लीत गटाराची जाळी बसली की नाही, हे त्यांच्याइतके निश्चित कोणालाच ठाऊक नसते.

बंगळूरू : २००२ मध्ये जनाग्रह, पब्लिक अफेअर्स सेंटर आदी संस्थांच्या ‘प्रूफ’ मोहिमेतून महापालिकेच्या तिमाही हिशेबांवर जाहीर चर्चा सुरू झाली. पुढे थकीत देयकांचा प्रश्न तीव्र झाला. कर्नाटकातील ठेकेदार संघटनेने जुलै २०२१ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून ४० टक्के कमिशनचा आरोप केला. तो आरोप वादग्रस्त राहिला.



परदेशांतील पद्धती : न्यूयॉर्क शहराच्या नियंत्रकांनी २०१० मध्ये ‘चेकबुक एनवायसी’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर पुरवठादाराचे नाव टाकून करार व प्रदाने शोधता येतात, पुढे उपठेकेदारांचीही माहिती आली. इंग्लंडमध्ये २०११ पासून स्थानिक परिषदा ५०० पौंडांवरील खर्च प्रसिद्ध करू लागल्या. नंतरच्या पारदर्शकता संहितेने तो दर तिमाहीस देणे बंधनकारक केले. स्लोव्हाकियाने १ जानेवारी २०११ पासून सर्वांत कडक नियम केला : करार प्रसिद्ध झाल्याशिवाय अंमलात येत नाही आणि तीन महिन्यांत प्रसिद्ध न झाल्यास तो झालाच नाही असे मानले जाते.

विलंबित देयके : पारदर्शकता ठेकेदाराच्याही हिताची आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमानुसार पात्र पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. देयक कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, हे उघड नसेल तर क्रम डावलता येतो. मागून आलेले देयक पुढे जाते आणि ओळख नसलेला लहान ठेकेदार मागे पडतो. दाखल झाल्याची व पैसे दिल्याची अशा दोन्ही तारखा यादीत असल्या की हा अन्याय लपत नाही.

कंत्राटी कामगार : देयकाच्या शेवटच्या टोकाला मजूर असतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या प्रकरणात मुंबई महापालिकेने सफाई कामगार हे आपले कामगार नसून संस्थांचे स्वयंसेवक आहेत, अशी भूमिका घेतली होती. औद्योगिक न्यायाधिकरणाने ती नाकारली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय मान्य केला. वेतनपट देयकासोबत जोडला आणि प्रसिद्ध केला जात असता, तर या कामगारांना आपले काम सिद्ध करण्यासाठी इतकी वर्षे झगडावे लागले नसते.

मूल्यमापन : निविदा, कार्यादेश, मोजमाप, देयक व प्रदान यांची माहिती महापालिकांकडे संगणकात असते, पण वेगवेगळ्या प्रणालींत आणि वेगवेगळ्या क्रमांकांनी. संकेतस्थळावर टाकलेली छायाप्रतींची पीडीएफ शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही. किमान आवश्यक गोष्ट म्हणजे प्रत्येक कामाला निविदेपासून अंतिम देयकापर्यंत एकच क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली मोजमाप पुस्तिकेची पाने, कपाती व तारखा मराठीत, प्रभागनिहाय खुल्या. यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम ४ मध्ये हे कर्तव्य २००५ पासूनच आहे. ते पार पाडेपर्यंत महाराष्ट्रातील नागरिकाला आपल्या गल्लीच्या रस्त्याचे अंतिम देयक पाहण्यासाठी अर्ज करावा लागतो, किंवा सोमवारी दुपारी कार्यालयात जावे लागते.