कर्ज आणि लग्नमांडव

शेतकरी कर्जात बुडाला की लग्नमांडवाकडे बोट दाखविण्याची रीत जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. चौकशीस नेमलेल्या आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असा निर्वाळा दिला. अमेरिकेतील यादवी १८६५ साली संपली, कापसाचे भाव कोसळले. वाढलेला सारा मात्र भरावाच लागे.

यवतमाळातही आम्हांस निराळे दिसत नाही. २००६ साली केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. कोरडवाहू कापूस, महागडे बियाणे, पावसाची लांबलेली उघडीप. कर्जाची मुळे येथे आहेत. अशा बापाला ‘लेकीच्या लग्नात उधळलेस’ म्हणून हिणवणे अन्यायाचे. लेकीने तो बोल जिवाला लावून घ्यावा, हे तर फारच वाईट.

हुंड्याची गोष्ट वेगळी. पाऊस आपल्या हाती नाही, हुंडा आहे. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. तरी ‘हौस’ या गोंडस नावाने आपल्या ख्रिस्ती घरांतही तो शिरतोच.

ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहापूर्वी तीनदा जाहीर घोषणा करण्याचा नियम घातला, तो गुप्त विवाहांना आळा बसावा म्हणून. घरावरचे कर्ज त्या घोषणेत येत नाही. ते वधूवरांनीच एकमेकांस सांगावयाचे असते. सातबारा, सोसायटीचे कर्ज आणि सोनाराकडील गहाण, तिन्हींचे कागद साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी समोर ठेवावेत.