जनरल लॉडविक यांची साक्ष

उन्हाळ्यांत आमच्या अंधेरी-मुलुंडकडील मंडळी महाबळेश्वरीं जातात, तीं लॉडविक पॉइंटावरील स्तंभ पाहिल्यावांचून सहसा परतत नाहींत. १८२४ सालीं हा डोंगर चढलेले पहिले युरोपियन म्हणून लॉडविक यांची ख्याति आहे. त्यांचें खरें धैर्य मात्र आम्हांस अन्यत्र दिसतें.

१८३६ सालीं सातारचे छत्रपति प्रतापसिंह यांजवर कंपनीचे शिपाई फितविल्याचा आरोप आला. गुप्त चौकशी करणाऱ्या तिघांत रेसिडेंट लॉडविक एक होते. पुढें गव्हर्नर कारनॅक यांच्या अटींवर सही करण्याचें महाराजांनीं नाकारिलें. सप्टेंबर १८३९ मध्यें त्यांस पदच्युत करून काशीस धाडण्यांत आलें.

विलायतेस परतल्यावर, मेजर-जनरल झालेल्या लॉडविकांनीं कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत जुन्या आठवणी सांगून महाराजांची बाजू घेतली. पूर्वीचे रेसिडेंट जनरल ब्रिग्ज हेही महाराजांच्याच बाजूचे. पण ते त्या चौकशींत नव्हते. लॉडविकांस स्वतःच्याच न्यायासनाविरुद्ध बोलावें लागलें! लंडनांत वर्षानुवर्षें झगडणाऱ्या रंगो बापूजींस याहून मोलाचा साक्षीदार कोणता मिळणार?

कंपनी बधली नाहीं. १८४७ सालीं महाराज काशीसच निवर्तले. पुढील वर्षीं सातारचें राज्यही गेलें.