हिमातली वाट आणि हिशेबाची वही

घरापासून दूर राहणाऱ्यांना पत्राचे मोल सांगावे लागत नाही. आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीने पोस्टमनची वाट कशी पाहिली, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेच आहे. परंतु पत्रे वाहणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून अमेरिकेतील एका टपाल-मक्तेदाराची हकीकत या सुवर्णमहोत्सवी अंकात सांगावी, असे आम्हांस वाटले.

कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले आणि देशोदेशींची माणसे तिकडे लोटली. त्यांना टपाल हवे होते. १८५१ साली जॉर्ज चॉर्पेनिंग व अॅब्सॉलम वुडवर्ड यांनी सॅक्रामेंटो ते सॉल्ट लेक सिटी या मार्गावर मासिक टपाल नेण्याचा मक्ता वार्षिक १४,००० डॉलरांस घेतला. १ मे १८५१ रोजी पहिली टपाल निघाली. सिएरा नेवाडाच्या घाटात हिमाचे थर एवढे, की लाकडी मोगऱ्यांनी बर्फ ठोकून खेचरांसाठी वाट करावी लागली.  त्याच वर्षी वुडवर्ड वाटेत हल्ल्यात मारला गेला. पुढच्या हिवाळ्यात जनावरे गारठून मेली, तेव्हा माणसांनी थैल्या पाठीवर घेऊन उरलेली मजल पायी गाठली.

इतके करूनही दूरच्या राजधानीत मक्ता रद्द झाला. चॉर्पेनिंगने वॉशिंग्टन गाठून तो परत मिळविला. १८५७ साली काँग्रेसने कायदा करून त्याच्या नुकसानीचा हिशेब करण्यास टपालखात्यास सांगितले. काही रक्कम मिळाली, पण ती अपुरी असल्याचे त्याचे म्हणणे राहिले. मे १८६० मध्ये खात्याने त्याचा मक्ता पुन्हा रद्द केला आणि तो मार्ग ‘पोनी एक्स्प्रेस’ चालविणाऱ्या कंपनीकडे गेला.

दहा वर्षे अर्जांत गेली. १८७० साली काँग्रेसने पुन्हा अधिकार दिला व पोस्टमास्टर जनरल क्रेसवेल यांनी ४,४३,०१० डॉलरांचे देणे ठरविले. हा आकडा ऐकताच काँग्रेसमध्ये गदारोळ उठला. रक्कम रोखली गेली आणि १८७१ साली तो ठरावच रद्द झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. १८९४ साली चॉर्पेनिंग वारला.

सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस येथे दोन्ही बाजू दिसतात. खजिना जनतेचा असतो. एवढ्या मोठ्या रकमेची छाननी करणे हे प्रतिनिधींचे कर्तव्यच होते. परंतु मक्ता मोडला त्याच वेळी काय दिले, काय राहिले, हे चोख लिहिले असते, तर वीस वर्षांनी आकडा असा फुगला नसता आणि संशयही वाढला नसता. करार रद्द करण्यास एक सही पुरते. त्याचा हिशेब मिटविण्यास माणसाचे आयुष्य अपुरे पडते. टेबलावरील प्रत्येक फायलीमागे कोणीतरी हिमातून चालत आलेला असतो, एवढे स्मरण राहिले तरी पुष्कळ झाले.