इंग्रजी लेखनातील नेहमीच्या चुका व त्यांचा पूर्वेतिहास

इंग्रजी लिहिताना विद्यार्थी कोठे चुकतात, असे कोणाही शिक्षकास विचारले तर तो दहा-वीस शब्द घडाघडा म्हणून दाखवील. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दातील बी मुले गाळतात, पावती या अर्थाच्या ‘रिसीट’मधील पी त्यांना आठवत नाही, बेटास ‘आयलंड’ म्हणतात हे त्यांना ठाऊक असते, पण मधल्या एसचा पत्ता नसतो. ‘इट्स’ शब्दावरील ॲपॉस्ट्रॉफीचे चिन्ह तर नको तेथे पडते आणि हवे तेथे पडत नाही. या चुकांपायी छड्या खाल्लेल्या पिढ्या महाराष्ट्रात थोड्या नाहीत. परंतु या शब्दांचा माग काढीत मागे जाऊ लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. विद्यार्थी आज जे चुकून लिहितो, त्याच्या जवळपासचेच एके काळी इंग्लंडातील शिष्ट लोक लिहीत असत.

विल्यम कॅक्स्टन याने 1476 साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. इंग्लंडातील हा पहिला छापखाना. त्या वेळी इंग्रजी भाषा दर परगण्यास निराळी होती. स्वतः कॅक्स्टनने 1490 मध्ये छापलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक मौजेची हकीकत नमूद केली आहे. टेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले. त्यांतील एकाने एका घरधनिणीपाशी अंडी मागितली. त्याने वापरलेला ‘एग्ज’ हा उत्तरेकडचा शब्द त्या बाईस कळेना. तिने आपल्याला फ्रेंच येत नाही असे उत्तर दिले. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. अखेर दुसऱ्याने ‘आयरेन’ असा दक्षिणेकडचा शब्द उच्चारला, तेव्हा बाईस उलगडा झाला. अशा स्थितीत छापणाराने कोणता शब्द घ्यावा, आणि तो कसा लिहावा? मुद्रकांनी आपल्या समजुतीप्रमाणे निवड केली आणि ती पुढे रूढ झाली. कॅक्स्टन स्वतः फ्लँडर्समध्ये दीर्घकाळ राहिलेला होता. भूत या अर्थाच्या ‘घोस्ट’ शब्दात जी नंतर जो एच शिरला, तो फ्लेमिश लेखनाच्या वळणाने शिरला असे मानतात.

दुर्दैव असे की, मुद्रक लेखन बांधीत होते त्याच सुमारास उच्चार वाहून चालले होते. सन 1400 ते 1700 या तीन शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वर एकामागून एक आपली जागा सोडून गेले. ‘नेम’ हा शब्द पूर्वी जवळजवळ ‘नामे’ असा उच्चारीत. आपल्या ‘नाम’ शब्दाशी असलेले त्याचे नाते तेव्हा कानालाही कळले असते. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभीचा के आणि मधले जीएच हे दोन्ही उच्चारले जात. उच्चार गेला आणि अक्षरे उरली. माणसे उठून गेलेल्या वाड्यासारखी त्या शब्दांची अवस्था आहे, आणि विद्यार्थ्याने मात्र प्रत्येक खोलीचे नाव पाठ म्हणावयाचे!

एवढ्यावर भागले असते तरी बरे होते. सोळाव्या शतकात लॅटिनचा अभिमान उफाळून आला आणि पंडितांनी शब्दांस कुलीन करण्याचा उद्योग आरंभला. ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन ‘डेबिटुम’ची आठवण म्हणून तो घालण्यात आला. ‘डाउट’मध्ये ‘दुबितारे’साठी बी आला, आणि ‘रिसीट’मध्ये ‘रिसेप्टुम’साठी पी आला. त्याच घराण्यातील ‘डिसीट’ शब्दास मात्र पी मिळाला नाही. तो का मिळाला नाही याला काही नियम नाही. ‘आयलंड’ची कथा तर याहून विपरीत आहे. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी काडीचाही संबंध नाही. दिसण्यात साम्य म्हणून पंडितांनी त्यात एस घुसडला. पंडितांची ही चूक नियम होऊन बसली, आणि एस न लिहिणारा विद्यार्थी चुकीचा ठरला. शेक्सपिअरने एका विनोदी नाटकात होलोफर्नीज नावाचा शाळामास्तर रंगविला आहे. लोक ‘डाउट’ व ‘डेट’ यांतील बीचा उच्चार करीत नाहीत म्हणून तो चिडतो. मास्तरांनी हे पात्र अवश्य वाचावे.

डॉक्टर जॉन्सन याचा 1755 चा कोश निघाला आणि या साऱ्या गोंधळावर अधिकाराची मोहोर उठली. जॉन्सन विद्वान खरा, परंतु त्याच्याही कोशात चढ दाखविणाऱ्या ‘अपहिल’ला दोन एल आणि उतार दाखविणाऱ्या ‘डाउनहिल’ला एकच एल आहे. पुढे अमेरिकेत नोआ वेब्स्टर याने 1806 व 1828 च्या कोशांत ‘कलर’मधील यू काढून टाकला, तो टिकला, त्याने जिभेसाठी सुचविलेले ‘टंग’चे नवे सुटसुटीत रूप मात्र कोणी घेतले नाही. 1906 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची सोपी रूपे सरकारी छापखान्यात वापरण्याचा हुकूम सोडला. वर्तमानपत्रांनी टर उडविली, त्याच वर्षी लोकप्रतिनिधींनी विरोध केला, आणि हुकूम मागे घ्यावा लागला. मराठीत अनुच्चारित अनुस्वार 1962 च्या नियमांनी बहुतांशी निरोप घेऊन गेले; त्या नियमांस साहित्य महामंडळाचा आणि शासनाचा आधार होता. इंग्रजीस असे एक घर नाही. त्यामुळे तेथे जुने सामान कोणी बाहेर काढावयाचे, हा प्रश्न सुटत नाही.

व्याकरणाचीही तीच कथा. एका वाक्यात दोन नकार आले तर आज ती ठळक चूक समजतात. चॉसरने आपल्या काव्यात सरदाराचे वर्णन करताना दोन ओळींत चार नकार खर्ची घातले आहेत, आणि ते नकार एकमेकांस मारीत नाहीत, बळ देतात. पुढे अठराव्या शतकात, विशेषतः 1762 मध्ये प्रथम निघालेल्या रॉबर्ट लौथ याच्या व्याकरणाच्या प्रभावाने, दोन नकार मिळून होकार होतो हे गणित भाषेस लागू झाले. ‘कोणी काही बोलले नाही’ असे एकाच नकारावर भागविणाऱ्या मराठी मुलास हा नियम फारसा जड जात नाही, एवढे सुदैव.

राहता राहिला ‘इट्स’. ‘त्याचे’ या अर्थी हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस नवाच रुळू लागला. त्याआधी निर्जीव वस्तूसही ‘हिज’च लावीत. 1611 च्या बायबलाच्या मूळ छपाईत तो नाही. नामास षष्ठीसाठी ॲपॉस्ट्रॉफी जोडण्याची चाल पडली तसा तो यालाही जोडला गेला, आणि 1623 साली प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या संग्रहात तो तसा छापलेला आढळतो. ‘ते आहे’ या अर्थी त्या वेळी बहुधा ‘टिज’ हे निराळेच संक्षिप्त रूप चाले, त्यामुळे घोटाळा होण्याचे कारण नव्हते. ‘टिज’ मागे पडले, त्याची जागा ‘इट्स’ने घेतली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास चिन्ह कोणाकडे राहावे याचा निवाडा झाला. मुंबई इलाख्यात इंग्रजी शाळा वाढल्या त्या यानंतर. येथील विद्यार्थ्याच्या हाती निकाल तेवढा पडला. खटला त्याने पाहिलाच नाही. नामास चिन्ह लागते तर सर्वनामास का लागू नये, असा तर्क करून तो ते लावतो. अठराव्या शतकातील सुशिक्षित इंग्रज हाच तर्क करीत होता. नियम आज पाळलाच पाहिजे, यात शंका नाही. पण लाल शाईची रेघ ओढताना तो नियम किती वयाचा आहे हे शिक्षकास माहीत असावे.

अमेरिकेची राज्यघटना 1787 साली लिहिली गेली. तिच्या पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, राज्यांच्या तपासणीच्या कायद्यांविषयी लिहिताना, षष्ठीचा ‘इट्स’ ॲपॉस्ट्रॉफीसह आला आहे. स्वाक्षऱ्यांपाशी पेनसिल्व्हेनियाच्या नावात दोन एनऐवजी एकच एन आहे. तो कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काचेखाली मांडलेला असून ही दोन्ही ठिकाणे लिहिली तशीच आहेत.