ग्रँड मॅच (कर्लिंग)

स्कॉटलंडच्या उत्तर आणि दक्षिण भागांतील कर्लिंग क्लबांमध्ये गोठलेल्या तळ्यावर, उघड्या आभाळाखाली होणारा हौशी सांघिक स्नेहसामना. रॉयल कॅलिडोनियन कर्लिंग क्लब ही स्कॉटलंडमधील कर्लिंगची मध्यवर्ती संस्था तो भरवते. पहिला सामना १८४७ मध्ये झाला आणि अलीकडचा १९७९ मध्ये. पुरेसा बर्फ धरला तरच सामना, अशी पहिल्यापासूनची अट असल्याने मधले कित्येक हिवाळे सामन्याविनाच गेले.

खेळ : एका संघात चार जण असतात. संघाला रिंक आणि त्याच्या कर्णधाराला स्किप म्हणतात. प्रत्येक खेळाडू ग्रॅनाइटचे दोन दगड सुमारे ३५ मी. अंतरावर आखलेल्या वर्तुळाच्या मध्याकडे घसरत सोडतो. दोन्ही संघांचे मिळून १६ दगड टाकून झाले की एक फेरी संपते आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा मध्याच्या जवळ असलेल्या प्रत्येक दगडाला एक गुण मिळतो. दगडाचे वजन ४४ पौंडांहून (सु. २० किग्रॅ.) अधिक चालत नाही. चांगले दगड एल्सा क्रेग या बेटावरच्या ग्रॅनाइटचे मानले जातात. घसरत जाणाऱ्या दगडापुढचा बर्फ संघातले सोबती झाडूने घासतात, म्हणजे दगड लांब जातो आणि कमी वळतो. तळ्यावर खेळताना पाय घसरू नये म्हणून पायाखाली क्रॅम्पिट नावाची लोखंडी पट्टी घेतात.

ग्रँड मॅचचे वैशिष्ट्य तिच्या हिशेबात आहे. शेकडो रिंक एकाच वेळी खेळतात आणि उत्तरेच्या सर्व रिंकांचे गुण एका बाजूला, दक्षिणेच्या दुसऱ्या बाजूला अशी बेरीज होते. आपल्या पट्टीवर सपाटून हरलेला संघही त्यामुळे विजयी बाजूत असू शकतो. जमीनदार, पाद्री, शेतकरी आणि कारागीर एकाच रिंकमध्ये खेळत व बर्फावर सर्वांना स्किपचा हुकूम मानावा लागे. या परंपरेचे वर्णन जुन्या लेखनात अभिमानाने येते आणि तो अभिमान रास्तच आहे.

प्रारंभ : ग्रँड कॅलिडोनियन कर्लिंग क्लबची स्थापना १८३८ मध्ये एडिंबरा येथे झाली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कोन येथील राजवाड्यात उतरली असता मॅन्सफील्डच्या अर्लने गुळगुळीत लाकडी फरशीवर तिला या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. राणीने स्वतःही दगड सोडून पाहिला. पुढच्याच वर्षी क्लबच्या नावात ‘रॉयल’ आले. १८४७ च्या जानेवारीत सर जॉर्ज क्लार्क यांच्या पेनिक्विक येथील तळ्यावर पहिली ग्रँड मॅच झाली. फोर्थ नदीच्या उत्तरेकडचे विरुद्ध दक्षिणेकडचे, अशी तेव्हाची विभागणी होती.

दुसरा सामना १८४८ मध्ये लिनलिथगो येथील लॉखवर, म्हणजे तळ्यावर, झाला. चार्ल्स लीझ या चित्रकाराने तो भव्य चित्रात रंगवला. मागे पडझड झालेला राजवाडा, पुढे झाडू घेतलेल्या खेळाडूंची दाटी आणि तिच्यात तेव्हाच्या नामवंत कर्लरांची ओळखू येणारी व्यक्तिचित्रे, अशी त्याची रचना आहे. पोशाख, दगडांचे आकार आणि झाडू धरण्याची पद्धत यांसाठी या चित्राइतके बोलके दुसरे साधन नाही.

कार्सब्रेक : खोल तळ्यावर हजारोंचा जमाव उभा करणे धोक्याचे आहे, हे पहिल्या काही सामन्यांतच ध्यानात आले. क्लबचे स्वतःचे उथळ तळे असावे, ही सूचना सर जॉन ओगिल्वी यांची. तीतून पर्थशरमधील ब्लॅकफर्डजवळ कार्सब्रेकचे तळे उभे राहिले. उथळपणाचे दोन फायदे होते. बर्फ फुटलाच, तर माणूस बुडण्याची भीती कमी. शिवाय पाणी ४° से. ला सर्वांत जड असल्याने वरचे थंड होणारे पाणी खाली जात राहते आणि तळापर्यंतचे सगळे पाणी तितके गार झाल्यावरच पृष्ठभाग गोठू लागतो. उथळ तळ्यात हे लवकर घडते. खेळाच्या इतिहासकारांनी या बाबीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः ग्रँड मॅच टिकली ती या उथळ पाण्याच्या आधारावर.

येथे १८५३ ते १९३५ या काळात २५ सामने झाले. तळ्याकाठून पर्थ-स्टर्लिंग लोहमार्ग जात होता आणि तेथे केवळ कर्लरांसाठी एक थांबा बांधण्यात आला. बर्फ पुरेसा जाड झाल्याची खबर क्लबांना गेली की एक-दोन दिवसांत विशेष गाड्या दगड, झाडू आणि माणसे घेऊन येथे येत. खेळाचा आरंभ आणि शेवट तोफेच्या आवाजाने होई. २४ डिसेंबर १९३५ च्या येथील शेवटच्या सामन्यात अडीच हजारांहून अधिक खेळाडू उतरले होते.



महायुद्धानंतर : १९५९ आणि १९६३ मध्ये लॉख लेव्हनवर आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये लेक ऑफ मेंटीथवर सामना झाला. १९७९ मध्ये खेळाडू दोन हजारांहून अधिक होते. २०१० च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीमुळे पुन्हा तयारी झाली, पण सामना रद्द करण्यात आला. बर्फाची जाडी, विमा आणि आपत्कालीन सेवांची जबाबदारी यांपैकी कशाला किती महत्त्व द्यायचे, यावर तेव्हा मतभेद झाले. सामना नसतानाही अनेक कर्लर दगड घेऊन मेंटीथवर जमले आणि आपापले डाव खेळले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा आशा निर्माण झाली होती. तीही फळाला आली नाही. केवळ थंडी पुरत नाही. साचलेले हिम पांघरुणासारखे काम करून खालच्या बर्फाची वाढ मंद करते आणि त्याच्या भाराने वर आलेले पाणी गोठून जो पांढरा बर्फ होतो, तो स्वच्छ काळ्या बर्फाच्या मानाने दुबळा असतो. त्यामुळे भरपूर हिमवृष्टीचा हिवाळा या सामन्याला सोयीचा नसतो.

मूल्यमापन : उत्तर अधिक वेळा जिंकली की दक्षिण, ही गणना क्लबच्या वार्षिकांतून तपशिलाने येते. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तिला दुय्यम महत्त्व आहे. सामन्याच्या तारखांची यादी अधिक मोलाची आहे, कारण हजारोंचे वजन पेलणारा बर्फ स्कॉटलंडच्या तळ्यांवर कोणत्या हिवाळ्यात धरला, याचा पावणेदोनशे वर्षांचा दाखला तिच्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बर्फाची बंदिस्त मैदाने वाढली (ग्लासगोतील क्रॉसमायलूफ, १९०७) आणि खेळाडूंची तळ्यावरची भिस्त कमी झाली. युद्धे आणि सुरक्षेचे बदललेले निकष यांचाही परिणाम आहे. ही कारणे वेगळी काढून हवामानाच्या अभ्यासकांनी ही यादी बारकाईने तपासावी.