टक्कल, पगडी आणि सायकलचं हेल्मेट



मागे इथे कुणीतरी लश्करातल्या दसऱ्याच्या मिरवणुकीचा जुना फोटो टाकला होता आणि त्याखाली पगड्यांवरून बरीच चर्चा रंगली. शिंदेशाही कुठली, होळकरी कुठली, बडोद्याची लाल कशी ओळखायची वगैरे. सगळे बाहेरून बोलत होते. मला पगडी आतून ठाऊक आहे. तीही एकच, आमच्या आजोबांची. त्याबद्दल लिहायचं आहे, पण त्यासाठी आधी माझ्या टकलाबद्दल आणि सायकलच्या हेल्मेटबद्दल सांगावं लागेल. जरा लांबेल. चहा घेऊनच बसा.

आमच्या घराण्याच्या डोक्यांचा इतिहास तीन ओळींत मावतो. आजोबा दरबारच्या हिशेब खात्यात होते, ते पगडी घालत. वडील काळी टोपी घालत, तीही पुढे पुढे फक्त लग्नाला आणि सत्यनारायणाला. मी काहीच घातलं नाही. 1973 साली बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि चाळिशीच्या आत टक्कल पडलं. कॅशच्या खिडकीबाहेरून “वो गंजे वाले साहब” अशी माझी ओळख असायची. वाईट कधी वाटलं नाही. टोपी मात्र घातली नाही, कारण टोपी घातली की लोक म्हणणार टक्कल लपवतोय.

सायकल आमच्या ग्वाल्हेरला नवी नाही. बिर्लानगरच्या मिलचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी काळा व्हायचा, ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. त्या हजारो डोक्यांवर गमछा असे, टोपी असे, नाहीतर नुसतं तेल. हेल्मेट हा शब्दच कानावर नव्हता. पुढे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 ने स्कूटर-मोटारसायकलवाल्यांना हेल्मेट सांगितलं आणि पगडी बांधणाऱ्या शीख मंडळींना त्यातून सूट दिली. सायकलचा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे सायकलवाल्याने आपलं डोकं आपणच सांभाळायचं.

निवृत्तीनंतर साखर वाढली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि मी व माझा शाळेपासूनचा मित्र दोघांनी गिअरच्या सायकली घेतल्या. तोही माझ्यासारखाच, किंबहुना माझ्याहून चकचकीत. सकाळी कंपूवरून निघायचं आणि तिघऱ्याच्या रस्त्याला लागायचं. धरणापर्यंत रोज जमत नसे, पण रविवारी जायचोच. दोघांच्याही घरून एकच अट होती, हेल्मेट पाहिजे. दुकानातला मुलगा म्हणाला, “अंकलजी, बड़ा लीजिए, आराम रहेगा, पीछे से टाइट कर लेना.” आम्ही दोघांनी मोठं घेतलं आणि मागची चकती फिरवून आवळलं. शहाण्या माणसांनी, त्यात एकाने तीस वर्षं बँकेत लोकांना सह्या करण्याआधी वाचायला सांगितलेलं, असं करावं!

ज्यांच्या डोक्यावर केस आहेत त्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. केस हे नैसर्गिक गादीचं काम करतात. घाम धरून ठेवतात, ऊन अडवतात, घासणं सोसतात. टकलावर यातलं काही नाही. हेल्मेटच्या आतल्या गाद्या वेलक्रोने चिकटवलेल्या असतात. धुऊन परत लावताना गादी जरा सरकली की खालची खरखरीत टिकली थेट कातडीवर येते, आणि तासाभरात तिथे लाल चट्टा उठतो. घाम थांबायला जागा नाही म्हणून तो सरळ कपाळाकडे येतो. पुढची गादी स्पंजासारखी भरते आणि भुवया उंचावल्या की एकदम डोळ्यांत पिळते. वरच्या भोकांतून ऊन पडतं, त्याचे पट्टे डोक्यावर उमटतात. माझी नात मला पूर्ण उन्हाळाभर झेब्रा म्हणत होती.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. सकाळचे साडेसात वाजले होते, पण आपल्याकडचा मे म्हणजे साडेसातलाही भट्टी. तिघऱ्याहून परतताना मित्र थांबला, डोळे चोळत होता. कपाळावर हेल्मेटचा खोल वण उमटला होता. मी म्हणालो, “काढ रे ते, हँडलला अडकव. आता काय, उतारच आहे.”

त्याने काढलं. मीही काढलं.

अर्ध्या किलोमीटरवर कुत्रं आडवं आलं. वेगही फार नव्हता. तो उजव्या अंगावर पडला आणि डोकं रस्त्याच्या कडेला लागलं. हेल्मेट हँडलला तसंच लटकत होतं, त्याला ओरखडाही नाही.

तो वाचला. काठी घेऊन चालतो. पण नावं गेली. चमचा हवा असेल तर हाताने खूण करतो, मला बघून हसतो आणि नाव शोधत राहतो. मी डॉक्टरांना विचारलं, हेल्मेट असतं तर? ते म्हणाले, नक्की कुणी सांगू शकत नाही, पण बहुधा एवढं झालं नसतं. वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही की काढायला मीच सांगितलं होतं. आज इथे लिहितोय.

त्यानंतर सहा महिने सायकल जिन्याखाली होती. मग वाचायला लागलो, कारण मला एक गोष्ट कळेना. जी वस्तू डोकं वाचवण्यासाठी केली, ती डोक्याला इतकी परकी का?

हेल्मेटच्या इतिहासात आधी मोटारसायकल येते. 1935 च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, तोच अरबस्तानवाला, इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडून सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे असे अपघात अभ्यासले आणि 1941 मध्ये हेल्मेटची गरज सांगणारा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. सायकलवाले मात्र फार काळ चामड्याच्या पट्ट्यांची जाळी डोक्यावर बांधत. तिला म्हणत ‘हेअरनेट’, म्हणजे केसांची जाळी. आता टकल्याने काय बांधावं ते त्यांनाच ठाऊक! आजच्यासारखं, आतून थर्मोकोलसारख्या फोमचं आणि वरून कडक कवचाचं सायकल हेल्मेट 1975 मध्ये अमेरिकेच्या बेल कंपनीने काढलं. या फोमचं काम साधं आहे. आदळल्यावर तो स्वतः चिरडतो आणि धक्का खातो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं.

पण संरक्षण आधी आलं, सोय मागाहून. सायकल शर्यतींचे मोठमोठे खेळाडूसुद्धा उकाड्याच्या नावाने हेल्मेट टाळत. 1991 मध्ये सक्ती करायचा प्रयत्न झाला तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत त्यांनी चक्क विरोध केला आणि सक्ती बारगळली. इटलीचा मार्को पान्तानी तर आपल्या पंथातला, गुळगुळीत डोक्याचा. 1998 ची टूर द फ्रान्स जिंकणारा हा गडी डोक्याला रुमाल बांधून डोंगर चढायचा. फोटो बघा, टकलावर कापड कसं बसतं ते कळेल. शेवटी मार्च 2003 मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव डोक्यावर पडला आणि वारला. हेल्मेट नव्हतं. काही आठवड्यांत सक्ती आली. तरीही सुरुवातीला शेवटच्या मोठ्या चढावर ते काढायची सवलत ठेवावी लागली, इतका उकाड्याचा बाऊ होता. बाऊ तरी कसं म्हणू? मीच हँडलला अडकवायला सांगणारा माणूस.

आता पगडी.

त्याच सुमारास माळा साफ करायला काढला. आजोबांची पेटी खाली आली, त्यात पगडी. ते गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, पण त्यांचं डोकं मला आठवतं. दर आठवड्याला न्हावी घरी येई, ओसरीवर बसून डोकं तासून देई, फक्त शेंडी ठेवी. टक्कल म्हणून आज ज्याला आपण लाजतो, ते त्या पिढीतले पुरुष न्हाव्याला पैसे देऊन करून घेत. आणि अशा डोक्यावर ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात दिवसभर पगडी! आजोबांना मी डोकं खाजवताना कधी पाहिलं नाही.

फरक लक्षात घ्या. पागोटं किंवा फेटा रोज डोक्याभोवती बांधायचा, त्यामुळे तो कुणाच्याही डोक्याला बसतो. पगडी एकदाच बांधून, टाचून पक्की केलेली. ती टोपीसारखी उचलून ठेवायची. म्हणजे तिला माप लागतं, अगदी हेल्मेटसारखं. आई सांगायची की पगडीवाला घरी यायचा आणि दोऱ्याने आजोबांचं डोकं दोनदा मोजायचा, एकदा भोवती आणि एकदा कपाळापासून मागपर्यंत. आमच्या घराण्याची डोकी लांबट. नुसता घेर घेतला तर पगडी कपाळावर रुतते आणि कानांवर सैल राहते. त्याच्या हाताखालचं गिऱ्हाईक म्हणजे सगळी तासलेली डोकी. चूक झाकायला केस नव्हते. एक टाका वर आला तरी संध्याकाळी तक्रार.

मी पेटीतली पगडी उलटी केली. बाहेरून रंग उडालेला, कसर लागलेली. आत मात्र मऊ सुती मलमलीचं अस्तर, आणि त्याचे सगळे टाके बाहेरच्या बाजूला दडवलेले. कातडीला लागेल असा एकही नाही. कपाळाशी वेगळी पट्टी होती, नुसती चार टोकांना टाचलेली. बायको बघून म्हणाली, “अहो, ही धुवायला काढायची आहे. घामाची.” बरोबर होतं. घाम पगडीत जाऊ नये म्हणून पट्टी आणि पट्टी मळली की उसवून धुवायची. मी त्या अस्तराकडे बराच वेळ बघत बसलो.

मग मीही दोरा घेतला. भुवयांच्या वर एक बोट, मागे सगळ्यात फुगीर भागावरून. छप्पन सेंटिमीटर. माझं हेल्मेट होतं 58 ते 62 चं. सैल कवच चकतीने आवळलं की ते सगळीकडून धरत नाही, दोन-तीन जागी चावतं. तेच आम्हा दोघांच्या कपाळावर उमटायचं. नवं घेताना तीन दुकानं फिरलो, पट्टा न लावता डोक्यावर ठेवून पाच पाच मिनिटं उभा राहिलो. दुकानदार हसले. हसू देत. माझ्या लांबट डोक्याला बसणारं एक सापडलं. आत युरोपच्या मानकाचा छाप आहे, तोही पाहून घेतला.

त्याखाली घालायला बायकोने जुन्या धोतराची पातळ टोपी शिवली. शिवण वरच्या बाजूला, पगडीसारखी. कापड पातळच हवं. जाड घातलं तर हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर सरकतं. टोपीमुळे घाम एका जागी न साठता पसरतो आणि वाऱ्याने वाळतो, झेब्र्याचे पट्टेही गेले. गाद्यांच्या कडा वेलक्रोच्या टिकल्यांवर नीट आहेत का, हे आता बोट फिरवून बघतो. निघण्यापूर्वी डोक्याला खोबरेल लावायची सवय सोडली, ते उन्हात वितळून डोळ्यांत उतरतं. कानाखाली पट्ट्याचा व्ही आणि हनुवटीखाली एक-दोन बोटांची जागा. एवढं केलं आणि मागच्या मे महिन्यात दीड तास हेल्मेट डोक्यावर राहिलं. घरी आल्यावर काढायचं विसरून पेपर वाचत बसलो होतो.

एक जादा टोपी शिवून घेतली आणि मित्राकडे गेलो. तो आता सायकल चालवणार नाही, ते मला ठाऊक आहे. त्याने टोपी हातात घेतली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला, मग डोक्यावर घातली. दुपारभर काढली नाही. वहिनी म्हणाल्या, उन्हात बाहेर बसतात तेव्हा बरी पडेल, अजून दोन द्या.

तर मंडळी, ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची पगडी असेल, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदं, बेळगाव, कुठलीही, त्यांनी ती एकदा खाली काढा. आतलं अस्तर कसलं आहे, टाके कुठल्या बाजूला आहेत, कपाळाची पट्टी उसवता येते का, ते बघा आणि फोटो टाका. बाहेरचा नको. आतला.